तसबिरीचा घोटाळा : पॅरिस ते पुणे

आपल्या उत्सवात नाटकाचा विषय निघाला की ज्येष्ठ मंडळींच्या तोंडी एक नाव हमखास येते, ते म्हणजे ‘संगीत संशयकल्लोळ’. फाल्गुनराव, कृत्तिका, रेवती, अश्विनशेठ, भादव्या ही माणसे आपल्याला नात्यातलीच वाटतात. पण या अस्सल मराठी नाटकाचे मूळ घराणे फ्रेंच आहे, हे आपल्या नव्या पिढीतील अनेकांना ठाऊक नसते. त्या घराण्याची हकिकत या स्मरणिकेच्या निमित्ताने थोडक्यात सांगत आहे.

२८ मे १६६० रोजी पॅरिसच्या ‘पेती-बुर्बों’ नाट्यगृहात मोलिएर या नटाने व नाटककाराने ‘स्गानारेल’ नावाचा एकअंकी पद्यमय फार्स रंगभूमीवर आणला. स्गानारेलची भूमिका तो स्वतःच करी. काळ तसा प्रतिकूल होता. चौदाव्या लुईचे लग्न स्पेनच्या सरहद्दीजवळ ठरलेले असल्याने दरबार पॅरिसबाहेर होता. त्यात उन्हाळ्याचे दिवस. तरीही फार्स धो धो चालला. मोलिएरच्या हयातीत त्याच्या सर्व नाटकांत सर्वाधिक प्रयोग याच छोट्या नाटकाचे झाले.

कथानक अगदी साधे आहे. सेली या मुलीचे लेलीवर प्रेम, पण बापाला पैसेवाला जावई हवा. प्रियकराची तसबीर पाहता पाहता सेलीला भर रस्त्यात घेरी येते आणि तसबीर खाली पडते. शेजारचा स्गानारेल तिला सावरतो. त्याची बायको खिडकीतून एवढेच पाहते आणि नवऱ्यावर संशय घेते. खाली येते तो तिला ती तसबीर सापडते. ती निरखत असताना नवरा परततो आणि बायकोच्या हाती परपुरुषाचे चित्र पाहून त्याचे डोके फिरते. पुढे तीच तसबीर स्गानारेलच्या हातात पाहून लेली समजतो की सेलीने याच्याशी लग्न केले. चौघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकाने पाहिलेले खरेच असते, फक्त अर्धे असते!

आमच्या रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर ती तसबीर म्हणजे सिंगल लाइनवरचा टोकन. ज्याच्या हाती टोकन, त्याचा सेक्शनवर हक्क. इथे टोकन भलत्याच ड्रायव्हरच्या हाती जाते आणि पुढच्या गाड्या समोरासमोर येतात. अखेर सेलीची दासी एकेकाला बाजूला घेऊन सरळ प्रश्न विचारते, आणि पाच मिनिटांत लाइन क्लिअर होते.

या नाटकाची लोकप्रियता इतकी की नवविल्नेन नावाच्या एका गृहस्थाने पुन:पुन्हा प्रयोगाला बसून संपूर्ण संहिता पाठ केली आणि मोलिएरच्या परवानगीशिवाय छापून घेतली. मोलिएरला न्यायालयात धाव घ्यावी लागली. त्याच वर्षी लूव्र राजवाड्याच्या वाढीव बांधकामासाठी पेती-बुर्बों पाडण्यात आले आणि मंडळी बेघर झाली. जानेवारी १६६१ मध्ये ‘पाले-रोयाल’ या नव्या जागेत पडदा उघडला, तेव्हा पहिल्या खेळात हा फार्स होताच.

नंतर फार्सने समुद्र ओलांडला. १६६३ मध्ये लंडनमध्ये विल्यम डॅव्हनंटने तो आपल्या एका नाटकाचा दुसरा अंक म्हणून घातला. त्यात फ्रेंच नटमंडळी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतात, अशी गंमत होती. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा १७६१ चा. आर्थर मर्फी हा आयरिश लेखक. त्याने सॅम्युअल फूट या नटासोबत ड्रूरी लेन नाट्यगृह उन्हाळ्यापुरते भाड्याने घेतले आणि १५ जूनला ‘ऑल इन द राँग’ सादर केले. एका अंकाचे पाच अंक झाले, पद्याचे गद्य झाले. नवरा-बायको या दोघांच्याही संशयाला त्याने सारखेच वजन दिले आणि त्यांच्या भांडणाला भरपूर जागा करून दिली.

हेच इंग्रजी नाटक गोविंद बल्लाळ देवलांनी मराठीत आणले. देवल मूळचे सांगलीजवळच्या हरिपूरचे. १८९३ मध्ये त्यांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. पुढे त्यालाच पदांची जोड देऊन ‘संगीत संशयकल्लोळ’ सिद्ध झाले आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव यांनी इतिहास घडवला. त्याच वर्षी १४ जूनला देवलांचे निधन झाले होते.

देवलांनी पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे दिली, हे तर सर्वांना माहीत आहे. पण माझ्या मते त्यांचा खरा बदल रेवतीचा आहे. मोलिएरची सेली सुखवस्तू घरातली. तिचा गैरसमज मिटला नसता, तरी बापाने पसंत केलेले स्थळ होते. देवलांची रेवती मात्र नायकिणीची मुलगी. तिला लग्न करून संसार करायचा आहे. अश्विनशेठने संशयापायी पाठ फिरवली, तर तिच्यापुढे दुसरे स्थळ नाही, पुन्हा आईचाच मार्ग आहे. फाल्गुनरावाच्या संशयाला आपण हसतो. अश्विनशेठच्या संशयात मात्र एका मुलीचे अख्खे आयुष्य पणाला लागलेले असते. हसता हसता पोटात गोळा येतो तो इथेच. ‘शारदा’ लिहिणाऱ्या लेखणीतूनच हे यावे, यात नवल नाही.

म्हणून कोणी ‘हे तर उसने नाटक’ असे म्हणाले की मला ते पटत नाही. नवविल्नेनने शब्दन् शब्द उचलला, पण त्यात त्याचे स्वतःचे काही नव्हते. देवलांनी सांगाडा घेतला आणि त्यात इथल्या समाजाचे दुखणे भरले. पॅरिसची तसबीर लंडनमार्गे आली आणि इथल्या मातीत रुजली. आपणही गाव सोडून परमुलखात आलेली माणसे. परकेपणा कसा आणि कधी संपतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

नाटक अजून जुने झालेले नाही. २०१० नंतरच्या दशकात प्रशांत दामले यांचा फाल्गुनराव आणि राहुल देशपांडे यांचा अश्विनशेठ यांनी ते नव्या प्रेक्षकांपुढे नेले. आणि विषय तर रोजचाच आहे. तसबिरीची जागा मोबाइलने घेतली, इतकेच. नाइट ड्युटीवरून परतलेल्या माणसाला उशिरा का झाला हे विचारण्याआधीच त्याचा फोन तपासणारी घरे असतात. मोलिएरच्या दासीने तीन-साडेतीन शतकांपूर्वी दाखवलेला उपाय आजही तोच आहे : अंदाज बांधू नका, समोरासमोर विचारा.

शेवटी एक सूचना. पाच अंकी संगीत नाटक पेलणारे गळे आपल्याकडे नसतील, पण तसबिरीचे दोन-तीन प्रवेश बसवता येतील. ज्या मुलांचे मराठी घरापुरतेच उरले आहे, त्यांना संवाद पाठ करण्याच्या निमित्ताने देवलांची खुसखुशीत भाषा तोंडात बसेल. पुढच्या वर्षी बाप्पासमोर आपल्याच मुलांतला एखादा फाल्गुनराव उभा राहिला, तर मोलिएरपासून निघालेली ही गाडी आपल्याही स्टेशनावर थांबली असे म्हणता येईल.

गणपती बाप्पा मोरया!