पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे! मग ख्रिस्ती श्रद्धेत त्याला एवढं महत्त्व का?

गुड फ्रायडेला 'हॅपी' म्हणायचं की नाही, हा गोंधळ दरवर्षी व्हॉट्सॲप ग्रुपवर होतो. हा दिवस येशूच्या मृत्यूच्या स्मरणाचा असतो, त्यामुळे शुभेच्छा देत नाहीत. आनंदाचा दिवस म्हणजे त्यानंतरचा रविवार, ईस्टर.

पुनरुत्थान म्हणजे नेमकं काय?

येशूला वधस्तंभावर खिळलं, पण तिसऱ्या दिवशी कबर रिकामी आढळली आणि तो शिष्यांना दिसला, असं बायबल सांगतं. पुनर्जन्मात आत्मा नवा देह घेतो. पुनरुत्थानात मात्र तीच व्यक्ती, पुन्हा न मरणाऱ्या देहासह उठते, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे.

एवढं महत्त्व कशासाठी?

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात पौल स्पष्टच सांगतो की, ख्रिस्त उठला नसेल तर सगळा विश्वास व्यर्थ आहे. पुनरुत्थान वगळलं, तर येशू फक्त एक थोर शिक्षक उरतो. ते मानलं, तर मृत्यू हा शेवट राहत नाही. गेलेली माणसं पुन्हा भेटतील, ही आशा त्यावरच उभी आहे.

मग दफनच करावं लागतं का?

इथे साताऱ्याशी जोडलेलं एक नाव आठवतं. कवी ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. 1917 मध्ये मिशनचं काम सोडून ते साताऱ्यात राहिले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. ख्रिस्ती समाजात दफनाची रीत असताना, त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दहन झालं.

देह जळाला तर तो उठणार कसा? यावर बहुतेक चर्चचं उत्तर असं की, पुनरुत्थान देवाच्या सामर्थ्यावर अवलंबून आहे, अवशेषांवर नाही. कॅथलिक चर्चनेही 1963 मध्ये दहनाला मुभा दिली. अट एकच : पुनरुत्थान नाकारण्यासाठी दहन निवडलेलं नसावं. 2016 मध्ये चर्चने पुन्हा सांगितलं की, दफनालाच प्राधान्य द्यावं आणि रक्षा विखरू नये.

म्हणजे रीत बदलू शकते, श्रद्धा नाही. म्हणूनच सातारा-सांगलीतल्या ख्रिस्ती मित्राला शुभेच्छा द्यायच्या असतील, तर शुक्रवारी थांबा आणि रविवारी मनापासून द्या.