अक्षरे आहेत, लिपी हरवली

आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा यंदा कधी, हे पंचांग उघडून कळत नाही. देवीचा कौल होतो, दिवस ठरतो आणि मग एकाने दुसऱ्याला सांगत ती तारीख मुंबईच्या चाळींपर्यंत पोहोचते. आंगणेवाडी ही आमच्या मसुऱ्याचीच वाडी. त्यामुळे असा सांगोवांगी पत्ता लागणे आम्हाला नवीन नाही. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात हौशी माणसांनी स्वतःच्या हाताने काढलेली संकेतस्थळेही अशीच सापडत असत.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. वैयक्तिक जोडणीला २५० तासांचे सुमारे ५,००० रुपये पडत. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त जोडणी होती, पण तिच्यात नुसती अक्षरे दिसत, चित्रे नाहीत. गूगल कंपनी निघाली १९९८ मध्ये. तोवर एखादे चांगले पान हाती लागे ते बहुधा दुसऱ्या पानावरून. प्रत्येक जण आपल्या पानाच्या तळाशी आवडत्या पानांची यादी देई. सेज वाइल या अमेरिकन मुलाने किशोरवयातच 'वेबरिंग' नावाची युक्ती काढली होती. एका विषयाची पाने त्याने साखळीसारखी जोडली. 'पुढे'वर टिचकी मारत गेले की गावभर फिरून माणूस पुन्हा पहिल्या घरी.

गावाची उपमा मी उगाच देत नाही. १९९४ मध्ये सुरू झालेल्या 'जिओसिटीज'ने फुकट जागा देताना विषयवार वस्त्या पाडल्या होत्या. संगणकवाल्यांच्या वस्तीचे नाव 'सिलिकॉन व्हॅली', तिच्यात पोटवस्त्या आणि पुढे घर क्रमांक. मोडेम हळू का चालतो, लिनक्स कसे बसवायचे, कुठला फुकट प्रोग्राम चांगला, हे तिथे कुणीही कुणाला सांगे. सोबत पाहुण्यांसाठी अभिप्राय वही, किती जण येऊन गेले याचा आकडा आणि 'काम चालू आहे' अशी फावडेवाल्याची पाटी. ते काम कधीच संपत नसे!

बहुतेक पाने इंग्रजीत होती. मराठी लिहायचे तर पंचाईत. अविनाश चोपडे यांच्या 'आयट्रान्स'ने रोमन अक्षरांत टंकलेला मजकूर देवनागरीत छापता येऊ लागला. १९९६ मध्ये 'मायबोली' सुरू झाली. ज्यांना पडद्यावर थेट देवनागरीच हवी होती त्यांनी फॉण्टचा मार्ग धरला. ही चलाखी होती: संगणक आत इंग्रजी अक्षरांचीच खूण साठवी आणि फॉण्ट तिच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. 'क'साठी एका फॉण्टमध्ये एक कळ, तर दुसऱ्यात भलतीच. ज्याच्याकडे तो फॉण्ट नाही, त्याला सगळा इंग्रजी अक्षरांचा काला दिसे.

माझा चुलतभाऊ त्या काळी मुंबईत नोकरीला होता. १९९९ मध्ये त्याने असेच एक पान काढले. अर्धे इंग्रजीत, अर्धे मराठीत. पुढे तो ते विसरून गेला. याहूने १९९९ मध्येच विकत घेतलेली जिओसिटीज २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली, तेव्हा त्याचेही घर गेले, असे आम्ही धरून चाललो.

पण सगळे गेले नव्हते. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेले 'इंटरनेट अर्काइव्ह' जुन्या पानांच्या प्रती ठेवत आले आहे. जेसन स्कॉट आणि त्यांच्या 'अर्काइव्ह टीम'मधल्या स्वयंसेवकांनी बंद पडण्याआधीच्या महिन्यांत जिओसिटीजची जमतील तेवढी पाने उतरवून घेतली. मसुऱ्याच्या घरी बसून मी दादाचा जुना पत्ता टाकला आणि पान उघडले. इंग्रजी भाग जसाच्या तसा. मराठीच्या जागी काला.

पुण्याच्या पेशवे दप्तरातली मोडी कागदपत्रे वाचायला निदान मोडी शिकता येते. इथे शिकण्यासारखे काही नाही. फॉण्टची ती एक फाइल हवी. ती नसेल तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे मराठी शिवकाळापेक्षा दुर्बोध. शोधयंत्रालाही हे मराठी आहे हे कळत नाही. मराठी शब्द देऊन शोधले तर ही पाने येणारच नाहीत. खरे तर युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, पण मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये तिचा नीट आधार आला तो विंडोज २००० पासून. मधल्या काळातले हौशी मराठी लेखन या फटीत पडले.

दादाला फोन केला तर तो हसून म्हणाला, "अरे, पानाचो कोड उघड नि फॉण्टचा नाव बघ." खरेच होते. पानाच्या पोटात फॉण्टचे नाव लिहिलेले असते. ते घेऊन जुन्या सीडींमध्ये शोध घेतला आणि फाइल मिळाली. फॉण्ट बसवताच काल्याची देवनागरी झाली. मग तो मजकूर युनिकोडमध्ये आणायला एक दिवस गेला. जुन्या फॉण्टमध्ये 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि 'क' नंतर. युनिकोडमध्ये नेमके उलट. रफाराचीही तीच गत. बदलून देणारे प्रोग्राम आहेत, पण जोडाक्षरांपाशी अडखळतात. हाताने तपासण्याला पर्याय नाही.

मजकुरात काय होते? निम्म्याहून अधिक भाग फॉण्ट कसा बसवावा याच्या सूचनांचा, आणि त्या सूचना त्याच फॉण्टमध्ये लिहिलेल्या! पुढे संगणकाच्या भागांना त्याने मराठी नावे सुचवली होती. त्यातली दोन-तीन मला आजच्या पाठ्यपुस्तकी शब्दांपेक्षा बरी वाटली.

आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर त्या काळच्या सीडी किंवा फ्लॉपी असतील, तर टाकण्याआधी त्यांतल्या फॉण्टच्या फाइली तेवढ्या उतरवून ठेवा. छोट्या वाटतील, पण एकेका फाइलमागे कितीतरी पाने बंद पडून आहेत. दादाच्या पानाच्या तळाशी दुव्यांची यादी होती. तिच्यातला तिसरा दुवा अर्काइव्हमध्ये उघडला, तर तिथे दुसराच फॉण्ट निघाला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)