माग, वीज आणि आमची तरुण पिढी

मुस्लिम तरुणाविषयी एक वाक्य हमखास ऐकू येते: हा समाज नव्याला भितो, यंत्राला भितो, उद्याचा विचार करत नाही. बाहेरचे हे बोलतात तसे आमच्यातलेही बोलतात. भाषणात टाळ्या मिळवायला ते बरे आहे. पण इतिहासाला विचारले तर तो काय सांगतो? मोसम नदीकाठच्या मालेगावकडे पाहू.

1857 च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील मोमीन-अन्सारी विणकरांची कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. काही मालेगावात स्थिरावली, काही भिवंडीत. सोबत होती ती फक्त हातातली कला. हातमागावर त्यांनी इथल्या बायाबापड्यांची रंगीत लुगडी विणली. घरात उर्दू आणि बाजारात मराठी असा आमचा संसार तिथे उभा राहिला.

1930 च्या आसपास या गावांत यंत्रमाग येऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्या धोटा हाताने फेकणाऱ्या घरातली मुले विजेच्या मागापुढे उभी राहिली. यंत्र धर्म बुडवील असे म्हणून या गावांनी ते नाकारले नाही. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले साचे विकत आणून, ठोकूनठाकून, त्यांवर कापड काढले. ज्याला तंत्रशाळेचे दार कधी दिसले नाही, अशा पोराने आवाजावरून मागाचे दुखणे ओळखावे, हे तिथे रोजचेच. याला तंत्रज्ञानाची भीती म्हणायचे का?

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरणीमालक आधीपासूनच यंत्रमागवाल्यांकडून कापड विणून घेत होते. आता तो ओघ वाढला. गिरणगावाची चूल विझत होती आणि भिवंडीत रात्रंदिवस खडखडाट चालला होता. आमच्यापैकी काहींना तो बरकतीचा काळ वाटला. पण काम आले तसे गिरणीतले कायदे आले नाहीत. कारखाना कायद्याची कक्षा चुकवण्यासाठी एकाच मालकाचे माग चार नातेवाइकांच्या नावावर वाटले जात. कामगाराला मजुरी कापडाच्या मापावर, पाळी बारा तासांची. घरोघरी कांड्या भरणाऱ्या बायका आणि मुलींची तर कामगार म्हणून मोजदादही नीट होत नसे. म्हणजे यंत्र आमच्या घरात आले, पण यंत्रातून होणारी प्रगती उंबऱ्याबाहेरच थांबली.

पोरगा शाळा सोडून मागावर का जातो, याचे उत्तर या हिशेबात आहे. आज आणलेली मजुरी आज चुलीला लागते. दहावीनंतरची पाच वर्षे कुणी उधार देत नाही. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर 2006 मध्ये संसदेपुढे आला. वीस वर्षांवरील लोकांत पदवी किंवा पदविका घेतलेले देशात सुमारे 7 टक्के, तर मुसलमानांत 4 टक्क्यांहूनही कमी, असे त्यात नोंदले आहे. आकडा झोंबतो. त्याचे खापर केवळ मानसिकतेवर फोडणे सोपे, पण खोटे आहे.

मानसिकता पाहायची तर याच गावात पाहावी. मालेगावात जुम्म्याला माग बंद असतात आणि सिनेमागृहे भरतात. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट काढला. लग्नाच्या चित्रीकरणाचे सामान आणि गावातलेच नट, एवढेच भांडवल. कॅमेरा फिरवायला बैलगाडी. पुढच्या ‘सुपरमॅन’साठी हिरवा पडदा लावून माणूस आकाशात उडवण्याची युक्ती त्यांनी आत्मसात केली. तो सुपरमॅन झाला शफीक नावाचा यंत्रमाग कामगार. फैजा अहमद खान यांच्या माहितीपटामुळे जगाने हे पाहिले. जगाला गंमत वाटली. आम्हाला त्यात आमची हौस दिसली आणि वायाही जाणारी बुद्धी दिसली.

आज त्याच गल्ल्यांतल्या मुलांच्या हातात मोबाईल आहे. त्यावर ती चित्रफिती बनवतात, हिशेब करतात, परदेशातल्या भावाशी बोलतात. बाजारात धोट्याविना चालणारे वेगवान माग आले आहेत आणि जुन्या मागाचे कापड त्यांच्यापुढे टिकणे अवघड झाले आहे. एका नव्या मागाची किंमत पाहून छोटा मालकही मागे फिरतो, मग मजुराची काय कथा?

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच. तरुणांना ‘यंत्र स्वीकारा’ असा उपदेश करू नये. ते त्यांच्या पणजोबांनीच केले. वीज टिकेल, कर्ज मिळेल, मोहल्ल्याजवळ तंत्रनिकेतन असेल आणि कांडी भरणाऱ्या मुलीलाही तिथे प्रवेश असेल, याची मागणी आपण लावून धरावी. सरकारकडे तर धरावीच. पण जमातीच्या पैशातून सभागृहे बांधणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांकडेही धरावी. माग चालवणारा हात तयार आहेच. त्या हाताला मागाचा आराखडाही काढता यावा, ही आमची अपेक्षा.