सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? पिंपरीतून या प्रश्नाकडे पाहताना

पिंपरीच्या नेहरूनगरमध्ये हॉकीचे एक मैदान आहे. त्याला मेजर ध्यानचंद यांचे नाव दिलेले आहे, आणि ते यथायोग्यच आहे. १९२८, १९३२ आणि १९३६ अशा सलग तीन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघांचा तो प्राण होता. ‘भारताचा सर्वकालीन सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण’ असा वाद रंगला की पहिल्या दोन-तीन नावांत ध्यानचंद येतात. सचिन तेंडुलकर येतो. हल्ली नीरज चोप्रा येतो.

पिंपरी-चिंचवडच्याच औद्योगिक पट्ट्यात टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, विस्तीर्ण कारखाना आहे. पुण्याच्या या टेल्कोत एक माजी सैनिक वर्षानुवर्षे नोकरी करत होता. त्याच्याकडे जागतिक स्पर्धेतले वैयक्तिक सुवर्णपदक होते. ते त्याने १९७२ मध्ये, जागतिक विक्रमासह मिळवले होते. अभिनव बिंद्राच्या सुवर्णाला तेव्हा आणखी ३६ वर्षे अवकाश होता.

त्याचे नाव मुरलीकांत पेटकर. सर्वश्रेष्ठांच्या चर्चेत हे नाव बहुधा येत नाही. का येत नाही, याचा शोध घेतला की त्या चर्चेचीच घडण उलगडते.

प्रथम या प्रश्नाच्या वयाविषयी. ‘गोट’ हा शब्द अलीकडचा असला तरी वाद जुना आहे. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने क्रीडापत्रकारांचे मत घेऊन अर्धशतकातील सर्वोत्तम खेळाडू निवडला, तो जिम थॉर्प. मूळनिवासी अमेरिकी वंशाच्या या माणसाने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशा दोन्ही बहुविध स्पर्धा जिंकल्या होत्या. शिवाय तो व्यावसायिक बेसबॉल आणि फुटबॉलही खेळला.

गंमत अशी की १९५० मध्ये हा कौल मिळाला तेव्हा अधिकृत नोंदींनुसार थॉर्प ऑलिम्पिकविजेता नव्हताच! पूर्वी किरकोळ मानधनावर बेसबॉल खेळल्याचे निमित्त करून १९१३ मध्ये त्याची पदके काढून घेतली गेली होती. १९८२ मध्ये त्याला ‘संयुक्त विजेता’ ठरवले गेले, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागले ते २०२२ मध्ये. धाव तीच, उडी तीच. बदलत गेले ते फक्त दप्तर.

महाराष्ट्रातील या प्रश्नाचा इतिहासही दप्तराशीच जोडलेला आहे. त्यासाठी २९ जुलै १९४८ या तारखेकडे जावे लागते.

त्या दिवशी लंडनमध्ये ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले. भारतीय पथकात कराडजवळच्या गोळेश्वरचा बावीस वर्षांचा मल्ल होता, खाशाबा जाधव. कोल्हापूरच्या महाराजांनी त्याच्या प्रवासाला हातभार लावला होता. मातीत घडलेला हा पैलवान मॅटवरच्या नियमांना नवखा होता, तरीही फ्लायवेट गटात तो सहावा आला.

त्याच दिवशी लंडनच्या वायव्येला, स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयाच्या हिरवळीवर आणखी एक स्पर्धा भरली. १४ पुरुष आणि २ स्त्रिया चाकाच्या खुर्च्यांवर बसून धनुर्विद्येत उतरल्या होत्या. सर्वांना मणक्याच्या दुखापती होत्या. आयोजक होते डॉ. लुडविग गुटमान, नाझी राजवटीतून निसटून आलेले ज्यू मज्जाशल्यचिकित्सक. अशा रुग्णांना अंथरुणात पडून मृत्यूची वाट पाहायला लावण्यापेक्षा खेळायला लावावे, ही त्यांची उपचारपद्धती होती. वृत्तपत्रांचे लक्ष अर्थातच वेम्ब्लीकडे होते.

महाराष्ट्राचे दोन मोठे क्रीडापुरुष या दोन मैदानांतून निघालेल्या वाटांवर पुढे उभे राहिले. योगायोग असा की दोघेही कृष्णाकाठच्या मुलखातले. खाशाबा साताऱ्यातल्या गोळेश्वरचे, पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूर भागातले.

खाशाबांची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. १९५२ च्या हेलसिंकी स्पर्धेला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. बँटमवेट गटात जपानच्या शोहाची इशी याच्याशी झालेली कुस्ती खाशाबा हरले. पुरेशी विश्रांती न मिळता लगेच सोव्हिएत मल्लाशी गाठ पडली. आक्षेप नोंदवायला भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. तरीही त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर कुस्त्यांचे फड भरवून खाशाबांनी गुरुजींचे घर सोडवले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात रुजू झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांच्या मृत्यूला पंधराहून अधिक वर्षे लोटली होती.

‘चंदू चॅम्पियन’ या २०२४ च्या चित्रपटात तीच मिरवणूक पाहून लहानगा मुरली ऑलिम्पिकचे स्वप्न बघू लागतो. पडद्यावरचे सर्व काही इतिहास मानू नये. परंतु त्या मुलखातल्या, त्या वयाच्या मुलासमोर खाशाबांखेरीज दुसरा आदर्श तरी कोणता असणार?

पेटकर लष्कराच्या ईएमई दलात दाखल झाले आणि मुष्टियुद्धात नाव काढू लागले. १९६४ मध्ये टोकियोत झालेल्या आंतरराष्ट्रीय सेनादल क्रीडास्पर्धेतही ते उतरले. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झाले. १९६५ च्या त्या लढाईत त्यांना अनेक गोळ्या लागल्या. त्यांतली एक मणक्यात रुतून कायमची राहिली. कमरेखालचे शरीर लुळे पडले आणि मुष्टियुद्ध संपले. उपचारांचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. गुटमान यांचाच विचार वेगळ्या वाटेने मुंबईच्या नौदल रुग्णालयात पोहोचला होता.

१९६८ मध्ये तेल अवीव येथील स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले. परदेशवारीच्या खर्चासाठी माजी कसोटी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी संस्थेमार्फत मदत उभी केली. एका क्रिकेटपटूने जलतरणपटूचे तिकीट काढावे, हा प्रसंग क्रिकेटवर सरसकट राग काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा.

१९७२ चे ऑलिम्पिक म्युनिकला होते. मणक्याच्या दुखापतग्रस्तांची स्पर्धा मात्र तेथे होऊ शकली नाही, कारण खेळाडूंच्या निवासाच्या इमारतींचे सदनिकांत रूपांतर करायचे आधीच ठरले होते. म्हणून ती ऑगस्टच्या आरंभी, ऑलिम्पिकच्या आधीच, हायडेलबर्ग येथे झाली. तेथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पेटकरांनी ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवली. सुवर्णपदक मिळाले आणि त्यांच्या गटातला जागतिक विक्रमही झाला. त्याच स्पर्धेत ते भालाफेकीत आणि चाकाच्या खुर्चीच्या स्लॅलम शर्यतीतही उतरले होते.

काही आठवड्यांनी त्याच देशात मार्क स्पिट्झ या अमेरिकी जलतरणपटूने सात सुवर्णपदके जिंकली, सातही जागतिक विक्रमासह. सर्वश्रेष्ठांच्या याद्यांत त्याचे नाव आजही असते. १०० मीटर फ्रीस्टाइल त्याने ५१.२२ सेकंदांत पार केले. ५० मीटरची शर्यत तेव्हा ऑलिम्पिकमध्ये नव्हतीच. १९०४ मधील ५० यार्डांची शर्यत सोडली, तर ती १९८८ मध्ये आली.

या दोन आकड्यांची थेट तुलना करणे निरर्थक आहे, पण ३७.३३ चा अर्थ समजून घेणे निरर्थक नाही. फ्रीस्टाइलमध्ये पुढे जाण्याची बहुतेक ताकद हातांची असते, हे खरे. पायांचे मुख्य काम शरीर पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर ठेवण्याचे. पाय लुळे असले की ते खाली जातात, आणि धावणाऱ्याच्या कमरेला ओझे बांधावे तसा पाण्याचा अवरोध वाढतो. ज्या हातांनी ओढायचे, त्याच हातांनी हा भारही वाहायचा. ३७.३३ हा हिशेब एका मुष्टियोद्ध्याच्या खांद्यांनी चुकता केलेला आहे.

येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. १९७२ च्या या स्पर्धेत फक्त मणक्याच्या दुखापतीचे खेळाडू होते. अवयव गमावलेल्यांना आणि दृष्टिहीनांना प्रवेश मिळाला तो १९७६ मध्ये. दुखापतीच्या पातळीनुसार गट पाडल्याने प्रत्येक शर्यतीतले स्पर्धक थोडे असत. ज्या जगात ध्यानचंद किंवा स्पिट्झ जिंकले, त्याच्याशी याची बरोबरी कशी करायची?

आक्षेप खोटा नाही. मात्र तो सर्वांना लावावा लागेल. ध्यानचंदांच्या काळात ऑलिम्पिक हॉकी खेळणारे देश थोडे होते. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला तर हॉकीत अवघे तीन संघ होते. थॉर्पच्या १९१२ मध्ये आशिया-आफ्रिकेचा मोठा भाग परकीय सत्तेखाली होता. प्रत्येक काळातला सर्वश्रेष्ठ हा त्या काळी मैदानात येऊ शकलेल्यांतला सर्वश्रेष्ठ असतो. आणि घड्याळापुरते बोलायचे तर जागतिक विक्रम हा केवळ शेजारच्या रांगेतल्या पोहणाऱ्यावर मिळवलेला विजय नसतो. त्या गटात तोवर नोंदलेल्या प्रत्येक वेळेवरचा तो विजय असतो.

मग पेटकर सर्वश्रेष्ठ आहेत का? पदकसंख्या, दीर्घकाळचे वर्चस्व, खेळावर उमटवलेला ठसा हे निकष मानले तर नाहीत, तेथे ध्यानचंदांशी स्पर्धा नाही. थॉर्पला ज्या निकषावर निवडले गेले, म्हणजे एकाच शरीराने किती निरनिराळे खेळ आत्मसात केले, तो लावला तर चित्र पालटते. थॉर्पचे शरीर तरी आयुष्यभर तेच होते. पेटकरांनी एका शरीराने मुष्टियुद्ध शिकले आणि वीस-बावीसच्या वयात वाट्याला आलेल्या दुसऱ्याच शरीराने पोहणे, टेबल टेनिस आणि भालाफेक. या एका निकषावर भारतीय क्रीडेतिहासात त्यांच्या तोडीचा माणूस शोधणे कठीण आहे.

तरीही नाव विस्मरणात गेले, त्याचे कारण पुन्हा दप्तरात आहे. १९७२ मध्ये ‘पॅरालिम्पिक’ हे नाव अधिकृत नव्हते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ते १९८४ मध्ये मान्य केले. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समिती स्थापन झाली १९८९ मध्ये, हायडेलबर्गनंतर सतरा वर्षांनी. पेटकर जिंकले त्या स्पर्धेची ओळख ‘स्टोक मँडव्हिल खेळ’ अशी होती. ऐकणाऱ्याला ते एखाद्या रुग्णालयाचे स्नेहसंमेलन वाटावे. त्यामुळे हे पदक कोणत्या रकान्यात लिहायचे, हाच प्रश्न होता. ते कोणत्याच रकान्यात लिहिले गेले नाही. २००८ मध्ये बीजिंगला बिंद्राने सुवर्ण जिंकले तेव्हा ‘भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण’ हे विधान अचूक होते. त्यातला ‘ऑलिम्पिक’ हा शब्द गाळून ते घरोघरी पोहोचले, तेव्हा ते चुकीचे झाले.

पदक घेऊन पेटकर परतले तेव्हा पिंपरी-चिंचवडची नगरपालिका दोन वर्षांची होती आणि कारखाने वाढत होते. याच गावाने त्यांना रोजगार दिला. १९२० मध्ये अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय धावपटू पाठवण्यासाठी पुढाकार घेणारे दोराबजी टाटा याच उद्योगघराण्याचे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी मुले पाहून त्यांना ती कल्पना सुचली होती.

पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात त्यांना जीवनगौरव स्वरूपाचा अर्जुन पुरस्कार देण्यात आला. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. त्या वर्षीच्या अर्जुन विजेत्यांत आणखी दोन मराठी नावे होती. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा नेमबाज. आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याचा सचिन खिलारी, पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्यपदक मिळवणारा. त्या वर्षीच्या यादीत या दोघांची पदके शेजारी-शेजारी, एकाच रकान्यात लिहिलेली होती.