दुग्गाचा दगड: कॉपी की कट?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना झालेले "म्हणजे", "ॲक्च्युअली" काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच आहे.

आजची गोष्ट एका बगपासून सुरू होते. मी ज्या ॲपवर काम करतो, त्याच्याबद्दल मोरोक्कोतल्या एका युजरची तक्रार आली. त्याने स्वतःचं नाव त्याच्या लिपीत टाईप केलं होतं आणि स्क्रीनवर दिसत होते फक्त रिकामे चौकोन. फॉन्टमध्ये अक्षर नसलं की असे चौकोन येतात. आमच्या धंद्यात त्यांना 'टोफू' म्हणतात. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, "ही लिपी वापरतं कोण?" मलाही माहीत नव्हतं. तिकीट सगळ्यात खालच्या प्रायॉरिटीला गेलं आणि मी रात्री घरी येऊन शोधायला बसलो.

लिपीचं नाव तिफिनाघ. ती उत्तर आफ्रिकेतल्या अमाझिघ लोकांची. इंग्रजी पुस्तकांत यांनाच बर्बर म्हटलेलं असतं. अरब तिथे यायच्या आधीपासून, रोमनही यायच्या आधीपासून हे लोक तिथे राहतात. या लिपीच्या पूर्वजाला लिबियन लिपी म्हणतात. ती वाचायची कशी, याची किल्ली मिळाली एका दगडात. तो दगड होता ट्युनिशियातल्या दुग्गा नावाच्या गावात. दीड वर्षाने सुट्ट्या आणि पैसे दोन्ही जमले आणि मी तिथे जाऊन उभा राहिलो.

ट्युनिशिया म्हटलं की बहुतेक पर्यटक समुद्रावर जातात. हम्मामेत, सूस, जेर्बा. दुग्गा आत आहे, राजधानी ट्युनिसपासून नैऋत्येला शंभरेक किलोमीटर. मी लुआजने गेलो. लुआज म्हणजे आपल्याकडची वडाप समजा. सगळ्या सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही. तेबूरसूकला उतरायचं आणि पुढे टॅक्सी करायची. टेकडीवर ऑलिव्हची झाडं, मेंढ्या, आणि मधे अख्खं एक शहर पडलेलं.

युनेस्कोने 1997 मध्ये दुग्गाला जागतिक वारसा यादीत घेतलं. गेटमधून आत गेलात की आधी थिएटर लागतं. इसवी सन 168-169 मधलं, साधारण साडेतीन हजार लोक बसतील एवढं. पुढे कॅपिटॉल, म्हणजे ज्युपिटर, जूनो आणि मिनर्वा यांचं देऊळ. उंच खांब, पायऱ्या. सगळे इथेच फोटो काढतात. मीही काढले, खोटं कशाला बोलू. पण हे सगळं रोमन आहे आणि रोमन इथे नंतर आले. ज्युलियस सीझरने इसवी सनपूर्व 46 मध्ये हा मुलूख रोमला जोडला. त्याआधी दुग्गा हे नुमिडियन राजांचं शहर होतं. हॅनिबलला झामाच्या लढाईत हरवायला रोमला ज्याने साथ दिली, तो मसिनिसा राजा इथलाच, नुमिडियाचा.

त्या आधीच्या दुग्गाची मोठी खूण बघायची असेल, तर सगळं ओलांडून टेकडीच्या खालच्या अंगाला उतरावं लागतं. तिथे ऑलिव्हच्या झाडांमध्ये एक मनोरा एकटाच उभा आहे. 21 मीटर उंच, तीन मजली, वर छोटा पिरॅमिड. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातलं हे थडगं. मी अर्धा तास तिथे होतो. तेवढ्या वेळात दुसरं कुणी आलं नाही.

या थडग्यावर एक लेख कोरलेला होता. एकच मजकूर दोन लिप्यांत. एका बाजूला प्युनिक, म्हणजे कार्थेजची लिपी. दुसऱ्या बाजूला लिबियन. दोन्हीकडे सात-सात ओळी. प्युनिक ही फिनिशियन लिपीचीच मुलगी, आणि फिनिशियन लिपी अठराव्या शतकात वाचता यायला लागली होती. मग अभ्यासकांनी आधी विशेषनामं पकडली. नावाचं भाषांतर होत नाही. 'सचिन' कुठल्याही लिपीत लिहा, उच्चार 'सचिन'च राहतो. एका बाजूचं नाव दुसऱ्या बाजूला शोधायचं, अक्षराला अक्षर लावायचं, की एकेक व्यंजन सुटत जातं. डीबगिंग करणाऱ्यांना ही पद्धत लगेच ओळखू येईल.

आणि त्या ओळींमध्ये होतं काय? आधी लोकांना वाटलं की अतेबान नावाच्या राजपुत्राचं हे थडगं, कारण सुरुवातीलाच 'येप्मतथचा मुलगा अतेबान' असं येतं. पण पुढे वाचलं तर दगडकाम करणारे, मग लाकूडकाम करणारे दोघं, लोखंडाचं काम करणारे दोघं, बहुतेक बापाच्या नावासकट. त्यामुळे आता बरेच अभ्यासक म्हणतात की अतेबान हा बांधणाऱ्यांपैकी एक, बहुधा मुख्य. म्हणजे हा लेख ही कारागिरांची यादी आहे. आत कोण पुरलाय ते आज आपल्याला माहीत नाही, सुतार आणि लोहार कोण होते ते मात्र माहीत आहे!

आता मुख्य मुद्दा.

1631 मध्ये थॉमस डार्कोस नावाचा एक फ्रेंच माणूस या थडग्यापाशी आला. याला समुद्री चाच्यांनी पकडून ट्युनिसला आणलं होतं. सुटल्यावर तो तिथेच राहिला. लेखातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण त्याने अक्षरं जशी दिसली तशी कागदावर उतरवली आणि फ्रान्समधल्या विद्वान मित्राला पाठवून दिली. पुढे आणखी प्रवाशांनीही नकला केल्या. त्या युरोपात पोहोचल्या आणि अभ्यास सुरूही झाला.

मग 1842 उजाडलं. ट्युनिसमधला ब्रिटिश कॉन्सल सर थॉमस रीड याला नक्कल नको होती, दगडच हवा होता. तो लेख भिंतीत पक्का बसलेला. तो काढण्याच्या नादात दोन हजार वर्षं उभं राहिलेलं थडगं पाडलं गेलं. 1852 मध्ये दगड ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. आजही त्यांच्याकडेच आहे.

म्हणजे डार्कोसने केलं कॉपी. रीडने केलं कट.

रीडला सरळ खलनायक ठरवणं सोपं आहे, पण गंमत बघा. ट्युनिसच्या बेने 1846 मध्ये गुलामगिरी रद्द केली, आणि त्यासाठी त्याच्या मागे लागलेल्यांपैकी एक हाच रीड. माणसांच्या बाबतीत ज्याला अन्याय दिसत होता, त्याला त्या थडग्याच्या बाबतीत काहीच खटकलं नाही. मला हे खलनायकापेक्षा जास्त अस्वस्थ करतं.

"दगड नेला म्हणून तर टिकला ना?" असं कुणीतरी कमेंटमध्ये विचारणारच. दगड टिकला, मान्य. पण वाचण्यासाठी नक्कल पुरेशी होती आणि ती आधीच झालेली होती. 1904 मध्ये दुग्गातच दुसरा द्विभाषिक लेख सापडला. मसिनिसासाठी नागरिकांनी बांधलेल्या देवळाचा, त्याचा मुलगा मिकिप्सा याच्या राज्याच्या दहाव्या वर्षातला, म्हणजे इसवी सनपूर्व 138 च्या सुमाराचा. लिपी आणखी पक्की व्हायला त्याचा मोठा उपयोग झाला. तो लेख ट्युनिसच्या बार्दो म्युझियममध्ये आहे. देशातच राहिला, आणि टिकलाही.

थडगं पुन्हा उभं केलं लुई प्वान्सो या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने, 1908 ते 1910 मध्ये, आजूबाजूला पडलेले दगड जुळवून. तेव्हा तिथे फ्रेंचांचं राज्य होतं. स्वतःला रोमचे वारस समजणाऱ्या त्या राजवटीला रोमन अवशेषांचं कौतुक जास्त. त्यातही हे रोमनपूर्व थडगं कुणीतरी उभं केलं, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण आज तुम्ही तिथे उभे राहिलात तर कारागिरांचं काम दिसतं आणि त्यांची नावं लंडनला आहेत. मी थडग्यासमोर उभा राहून मोबाईलवर त्या दगडाचा फोटो उघडला. नेटवर्क एक कांडी. फोटो हळूहळू वरून खाली आला.

तिफिनाघचं पुढे काय झालं? सहारातल्या तुआरेग लोकांनी ती जिवंत ठेवली. मोरोक्कोने 2003 मध्ये तिचं नवं रूप शाळांसाठी स्वीकारलं, 2005 मध्ये ती युनिकोडमध्ये आली, 2011 मध्ये अमाझिघ तिथे अधिकृत भाषा झाली. ट्युनिशियात मात्र, जिथे हे दोन्ही लेख सापडले, अधिकृत भाषा फक्त अरबी. अमाझिघ बोलणारे उरलेत ते दक्षिणेतल्या मोजक्या गावांत आणि जेर्बा बेटावर.

इथे मला माझ्या घरची गोष्ट सांगायलाच हवी. आमचं गावचं घर विकलं तेव्हा माळ्यावर मोडीतल्या कागदांचं एक गाठोडं निघालं. कुणालाच वाचता येत नव्हतं. आम्ही ते रद्दीत दिलं. मी तेव्हा कॉलेजात होतो, खिशात कॅमेऱ्याचा फोन होता आणि एकही फोटो काढला नाही. मोडी 2014 मध्ये युनिकोडमध्ये आली. आज ते कागद असते तर वाचणारा माणूस मी दोन दिवसांत शोधला असता. रीडने निदान दगड जपला. आम्ही थेट डिलीट मारलं.

म्हणून दोनच गोष्टी सांगतो. ट्युनिशियाला गेलात तर एक दिवस समुद्र सोडा, दुग्गाला जा, आणि कॅपिटॉलचे फोटो झाले की खाली उतरून त्या मनोऱ्यापर्यंत चालत जा. आणि घरात मोडीतलं काही असेल, तर वाचता येवो न येवो, आज फोटो काढून ठेवा. डार्कोसलाही वाचता येत नव्हतं.

ते तिकीट? परत आल्यावर मीच माझ्या नावावर घेतलं. फॉन्टची एक फाईल जोडायची होती, अर्ध्या दिवसाचं काम. त्या युजरचं नाव आता नीट दिसतं.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरातल्या मोडी कागदांचे फोटो नक्की पाठवा!