बर्ड फ्लूची साथ आणि कुक्कुटपालन व्यवसायाची पुनर्उभारणी : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

बालाघाटच्या डोंगररांगा आणि गोदावरीचे खोरे यांत विभागलेला बीड जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी येथे अद्याप सांगितल्या जातात आणि दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी होणारे स्थलांतर हे जिल्ह्याच्या अर्थजीवनाचे ठळक वैशिष्ट्य आहे. कमी जमीन, अपुरे पाणी आणि घरातील मनुष्यबळ यांच्या आधारे करता येण्याजोगा जोडधंदा म्हणून व्यापारी कुक्कुटपालनाकडे येथील शेतकरी वळला. या व्यवसायावरील बर्ड फ्लूच्या परिणामांचा विचार बहुधा मेलेल्या आणि नष्ट केलेल्या पक्ष्यांच्या संख्येवरून केला जातो. बीडचा अनुभव मात्र निराळी बाजू दाखवितो. शासनाने आखलेल्या बाधित क्षेत्राच्या वर्तुळात जे नुकसान होते त्याची मोजदाद होते व काही अंशी भरपाईही मिळते. वर्तुळाबाहेर, जेथे एकही पक्षी आजारी पडलेला नसतो, तेथील नुकसानीची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

नवापूर, २००६

भारतातील पाळीव कोंबड्यांमध्ये एच५एन१ या विषाणूचा पहिला प्रादुर्भाव महाराष्ट्रातच आढळला. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर परिसरात कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. प्रारंभी हा प्रकार मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा असावा, असे व्यावसायिकांकडून सांगितले जात होते. तसे वाटणे अस्वाभाविक नव्हते, कारण दोन्ही रोगांत पक्षी झपाट्याने दगावतात आणि केवळ लक्षणांवरून निदान करणे अवघड असते. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेच्या अहवालाच्या आधारे बर्ड फ्लूची अधिकृत घोषणा झाली. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही रोग आढळला. महाराष्ट्र व लगतचे गुजरात आणि मध्य प्रदेशातील भाग मिळून दहा लाखांहून अधिक पक्षी नष्ट करण्यात आले. ११ ऑगस्ट २००६ रोजी भारताने स्वतःला रोगमुक्त जाहीर केले.

नवापूर बीडपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तथापि घोषणेनंतर देशभरातच चिकन व अंड्यांची मागणी कोसळली. रेल्वेच्या भोजनातून चिकन वगळण्यात आले, तर दुसरीकडे मंत्र्यांनी जाहीरपणे चिकन खाऊन लोकांची भीती घालविण्याचा प्रयत्न केला. मांस व अंडी ७० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत नीट शिजविल्यास विषाणू नष्ट होतो, ही शास्त्रीय माहिती तेव्हाही उपलब्ध होती. तिचा प्रवास मात्र अफवेइतका वेगाने झाला नाही.

वर्तुळाबाहेरच्या हानीची शासनाने एकदा तरी दखल घेतली, ती याच वर्षी. एप्रिल २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने कुक्कुटपालन कर्जांच्या पुनर्रचनेसंबंधी बँकांना सूचना दिल्या. थकलेले हप्ते व व्याज यांचे मुदत कर्जात रूपांतर, तीन वर्षांपर्यंत परतफेड, प्रारंभी एक वर्षापर्यंत सवलतीचा काळ आणि केंद्र शासनाकडून चार टक्के व्याज अनुदान अशी ही योजना होती. बाजार कोसळल्याने अडचणीत आलेल्या उत्पादकाला पक्षी मेलेले नसतानाही आधार मिळावा, हे तत्त्व तिच्यामागे होते. ज्याचे कर्ज बँकेचे होते त्यालाच तिचा उपयोग होणार, हे उघड आहे. खाद्यविक्रेत्याची उधारी किंवा नातेवाइकांकडून घेतलेली उसनवार अशा परिपत्रकाच्या कक्षेत येत नाही.

बीड जिल्हा, जानेवारी २०२१

२०२१ चे संकट येण्यापूर्वीच व्यवसाय खचलेला होता. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये चिकनमुळे करोना होतो ही निराधार अफवा पसरली, दर उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली गेले आणि पाठोपाठ टाळेबंदी आली. त्यातून सावरत असतानाच ११ जानेवारी २०२१ रोजी शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्यांचा मृत्यू बर्ड फ्लूने झाल्याचे निष्पन्न झाले. त्याच सुमारास बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातील मुगगाव येथे मृत कावळ्यांचे नमुने बाधित आढळले. लातूर जिल्ह्यातही प्रादुर्भावाची नोंद झाली.

मुगगावच्या घटनेत मेले होते ते कावळे. परंतु ‘बीडमध्ये बर्ड फ्लू’ एवढेच शब्द ग्राहकापर्यंत पोहोचले आणि त्यांना तालुक्याची वा पक्ष्याच्या जातीची सीमा राहिली नाही. कावळा हा गावाचा नित्याचा सोबती असल्याने ही भीती अधिकच घरगुती स्वरूपाची झाली, असेही म्हणता येईल.

मागणी घटल्यावर ब्रॉयलर उत्पादकाची कोंडी कशी होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. हा पक्षी साधारणतः सहा आठवड्यांत विक्रीयोग्य होतो. त्यानंतर तो खाद्य अधिक खातो, पण त्या प्रमाणात वजन धरत नाही. धान्य कोठारात ठेवून भाव येण्याची वाट पाहता येते; तयार कोंबडी ठेवता येत नाही. करार पद्धतीने व्यवसाय करणाऱ्याची स्थिती आणखी वेगळी असते. पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची, तर शेड, वीज, पाणी, तुसाची गादी आणि मेहनत शेतकऱ्याची. मोबदला संगोपन शुल्काच्या रूपाने किलोमागे. बाजार पडला तर दराचा फटका प्रथम कंपनीला बसतो, हे खरे. मात्र कंपनीने पुढील बॅचची पिल्ले टाकली नाहीत, की शेड रिकामे राहते व कर्जाचा हप्ता चालूच राहतो. रिकाम्या शेडला भरपाई नाही.

पुनर्उभारणीचा प्रश्न

भारताने या रोगाबाबत लसीकरणाऐवजी बाधित क्षेत्रातील पक्षी नष्ट करण्याचे धोरण स्वीकारले. २००६ मध्ये तीन किलोमीटर असलेले हे क्षेत्र पुढे एक किलोमीटरवर आणले गेले व दहा किलोमीटरपर्यंत सर्वेक्षण ठेवले गेले. छोट्या उत्पादकाच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होता. २०२१ मध्ये आठ आठवड्यांवरील अंडी देणाऱ्या जातीच्या कोंबडीस ९० रुपये, सहा आठवड्यांवरील ब्रॉयलरला ७० रुपये, तर अंड्याला ३ रुपये अशी भरपाई होती. ही रक्कम नष्ट केलेल्या पक्ष्यासाठी असते. पथक येण्यापूर्वी रोगाने मेलेल्या पक्ष्यासाठी ती नसते. म्हणजे जो उत्पादक तातडीने खबर देतो त्याला लाभ व्हावा, असा नियमाचा हेतू दिसतो. तथापि नमुने भोपाळला जाऊन अहवाल येईपर्यंत शेडमध्ये मरतूक सुरूच राहते आणि त्या दिवसांचा भार खबर देणाऱ्यावरही पडतो.

परसातील गावरान कोंबड्यांचा प्रश्न तर चर्चेतही क्वचित येतो. एक किलोमीटरच्या आत त्याही नष्ट कराव्या लागतात. त्या बहुधा घरातील स्त्रीच्या मालकीच्या असतात आणि गावरान कोंबडीचा बाजारभाव भरपाईच्या कितीतरी पट असतो.

पक्षी नष्ट केल्यावर शेड निर्जंतुक करून काही महिने रिकामे ठेवावे लागते. त्यानंतर ब्रॉयलरचा व्यावसायिक दीड महिन्यात पहिली विक्री करू शकतो. अंड्यांच्या व्यवसायात तसे नाही. पिल्लू आणल्यापासून अंडी सुरू होईपर्यंत साडेचार-पाच महिने केवळ खर्चच असतो. २०२१ मध्ये नेमक्या याच काळात खाद्य महागले. सोयाबीनचा भाव ऑगस्टपर्यंत क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास व त्याहून वर गेला. कुक्कुटपालकांच्या मागणीवरून केंद्र शासनाने त्या महिन्यात जनुकीय सुधारित सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी दिली आणि नवा हंगाम बाजारात येता येता सोयाबीनचे दर घसरले. बीड हा सोयाबीन पिकविणारा जिल्हा आहे. ज्या गावात एकाच्या शेडमध्ये पेंड स्वस्त व्हावी अशी अपेक्षा होती, त्याच गावात शेजाऱ्याच्या घरी सोयाबीनची रास विक्रीसाठी तयार होत होती. कित्येकदा हे दोघे एकाच कुटुंबातील असतात. पुनर्उभारणीसाठी घेतलेल्या निर्णयाचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न तेव्हा कुक्कुटपालक विरुद्ध शेतकरी असा मांडला गेला. बीडसारख्या जिल्ह्यात ती मांडणी अपुरी ठरते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा प्रादुर्भाव झाला व तेथील पक्षी दुसऱ्यांदा मोठ्या प्रमाणावर नष्ट करावे लागले. पंधरा वर्षांत ते केंद्र पुन्हा उभे राहिले होते, त्याच दाटीने. २०२५ च्या जानेवारीत उदगीर येथे आणि त्यानंतर मार्चमध्ये बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात शिरापूरला कावळे मृत आढळले व बर्ड फ्लूचे निदान झाले. या वेळीही प्रशासनाने परिसरात दक्षतेचे आदेश काढले, कोंबड्यांचे नमुने तपासणीस घेण्यात आले. पक्षी निरोगी असूनही गिऱ्हाईक न आलेल्या शेडसाठी मात्र २००६ च्या कर्ज पुनर्रचनेसारखी कायमस्वरूपी तरतूद अद्याप करण्यात आलेली नाही.