जामखेडचें पाणी

एखाद्या प्रदेशाचें आरोग्य मोजावयाचें झाल्यास प्रथम तेथील दवाखाने मोजण्याचा प्रघात आहे. परंतु दवाखान्याच्या दाराशीं येणारा रोग पुष्कळदां पाणवठ्यावर आणि मजुराच्या रिकाम्या चुलीपाशीं जन्मास आलेला असतो. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील जामखेड तालुक्याचा इतिहास याची साक्ष देतो.

हा जिल्हा पूर्वीं मुंबई इलाख्यांत होता. १९२३ सालीं इलाख्याच्या कायदेमंडळांत सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या विहिरी, पाणवठे, शाळा व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. मात्र त्यामागें शिक्षेचें बळ नव्हतें. पुढें १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्यानें ती पाळणें हा गुन्हा ठरविला. कागदावरील हक्क असा पुरा झाला. परंतु गांवची विहीर गांवच्याच हातीं राहिली. आणि ज्याची रोजची भाकरी जमीनदाराच्या मजुरीवर अवलंबून, तो त्याच्याविरुद्ध फिर्याद घेऊन कसा जाणार?

१९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें जामखेड येथें ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अतिसार आणि कुपोषण यांनीं लहान मुलें दगावत होतीं. औषधानें बरें झालेलें मूल पुन्हा त्याच दूषित पाण्याकडे व अपुऱ्या अन्नाकडे परतत असे. गांवकऱ्यांचीही पहिली मागणी औषधाची नव्हे, तर अन्नपाण्याची होती.

तेव्हां कूपनलिका खोदतांना त्या जाणूनबुजून दलित वस्तींत घेण्यांत आल्या. ज्यांना पूर्वीं विहिरीपासून दूर उभें राहून ओंजळींत पाणी पडण्याची वाट पाहावी लागे, त्यांच्या दाराशीं आतां साऱ्या गांवाला घागर घेऊन यावें लागलें. याच्या जोडीला गांवोगांवच्या स्त्रियांना आरोग्यसेविकेचें शिक्षण देण्यांत आलें. त्यांतील पुष्कळजणी निरक्षर व दलित कुटुंबांतील होत्या. बाळंतपण, मीठ-साखरेचें पाणी, मुलांचा आहार हीं कामें त्यांनीं हातीं घेतलीं.

१९७१ सालीं प्रकल्पाच्या गांवांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १७६ मुलें वर्षाच्या आंत मरण पावत. १९९० नंतरच्या दशकांत ही संख्या तिसाच्या खालीं आली. जागतिक आरोग्य संघटनेनें १९७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत जामखेडचा वृत्तांत आला. १९७८ सालीं आल्मा-आटा येथील परिषदेनें प्राथमिक आरोग्यसेवेचें जें धोरण जगापुढें ठेवलें, त्यांत शुद्ध पाणी व पुरेसें अन्न यांनाही स्थान होतें. पुढच्याच वर्षीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कायदा व्यर्थ होता, असा याचा अर्थ नव्हे. पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे, हें कायद्यानेंच ठरविलें. परंतु तो हक्क तान्ह्या मुलाच्या ओठांपर्यंत पोंचण्यास विहीर कोणाच्या वस्तींत खोदावयाची, हाही निर्णय कोणीतरी घ्यावा लागतो. जामखेडला तो घेतला गेला.